अंतराळ साम्राज्यातील उपरे

ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरी भाचे-भाच्या, पुतणे-पुतण्या अशी सगळी पोरे जमतात. शीरखुर्म्याची भांडी रिकामी झाली की टीव्हीसमोर बैठक बसते. अशाच एका ईदला पोरांनी 'स्टार वॉर्स' हा १९७७ सालचा चित्रपट लावला. शेवटी विजयसोहळा होतो. भव्य दालनात सैन्य दुतर्फा उभे आहे, राजकन्या लेया ल्यूकच्या गळ्यात पदक घालते, हान सोलोच्या गळ्यात घालते. त्यांच्यासोबत चालत आलेला उंच, केसाळ च्यूबाका मात्र तसाच उभा राहतो. आमची सात वर्षांची भाची म्हणाली, "मामू, त्या केसाळ्याला मेडल का नाही दिले?"

आम्ही म्हणालो, "अगं, विमाने त्या दोघांनी चालवली ना."

"मग हाच्या शेजारी बसून जहाज कोण चालवत होते? तोच ना?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. मोठ्या मुलाने तिला गप्प केले, "तो माणूस थोडाच आहे!" सगळे हसले आणि विषय संपला. आमच्यापुरता मात्र तो तिथेच सुरू झाला. हा लेख त्या प्रश्नाच्या मागे लागूनच लिहिला आहे.

विज्ञानकथा म्हटली की आमच्या साहित्यवर्तुळात दोन प्रकारचे चेहरे दिसतात. काहींना तो पोरखेळ वाटतो. काहींना ते विज्ञानप्रसाराचे साधन वाटते. डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांच्यासारख्या वैज्ञानिकाने मराठी वाचकाला या प्रकाराची गोडी लावली. पण विज्ञानकथेतल्या समाजाकडे समाज म्हणून पाहण्याची सवय आम्हाला अजून लागलेली नाही. ग्रामीण कथेत पाणवठा कोणाचा, असे आम्ही लगेच विचारतो. दलित आत्मकथनात वेशीबाहेर कोण राहते, हे पाहतो. मग हजारो ग्रहांवर पसरलेल्या कल्पित साम्राज्यात दरबार कोणाचा, वेशीबाहेर कोण, पंगतीत कोण आणि पंगतीबाहेर कोण, हे का विचारू नये? साम्राज्य खोटे असेल, पण ते कल्पिणारा लेखक खरा असतो. त्याच्या मनातल्या उतरंडी खऱ्या असतात.

या कथाप्रकाराच्या मुळाशीच वसाहतवाद आहे. एच. जी. वेल्स यांच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स' या १८९८ च्या कादंबरीत मंगळवासी इंग्लंडवर चालून येतात. वेल्स यांनी सुरुवातीलाच वाचकाला टास्मानियाच्या मूळ रहिवाशांची आठवण करून दिली आहे. युरोपीय वसाहतकारांनी त्यांचा जो संहार केला, तो आठवा आणि मग मंगळवासीयांच्या निर्दयतेची तक्रार करा, असा त्यामागचा भाव आहे. ब्रिटिश साम्राज्य ऐन भरात असताना लिहिलेली ही गोष्ट आहे. परग्रहवासी हा आरंभापासून साम्राज्याला दाखवलेला आरसा होता, एवढे यावरून ध्यानात यावे.

पुढे अमेरिकेत या आरशाचे तोंड फिरवले गेले. आयझॅक असिमोव्ह यांच्या 'फाउंडेशन' कथा १९४२ पासून 'अस्टाउंडिंग' या मासिकात येऊ लागल्या. त्यांतल्या आकाशगंगेत सुमारे अडीच कोटी वस्तीचे ग्रह आहेत, आणि सगळीकडे फक्त माणसेच. याचे कारण असिमोव्ह यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांना माणूस आणि परग्रहवासी समोरासमोर आले की माणूसच श्रेष्ठ ठरायला हवा असे. असिमोव्ह ज्यू घराण्यातले. हिटलरचा वंशश्रेष्ठत्वाचा डंका वाजत असताना तसले काही लिहिणे त्यांना जड जात होते. भांडण नको म्हणून त्यांनी परग्रहवासीच गाळून टाकले. म्हणजे या सुप्रसिद्ध साम्राज्यात परका दिसत नाही, तो तडजोड म्हणून. सभेत वाद नको म्हणून एखाद्या मंडळींना आमंत्रणच न देण्याची रीत आपल्या ओळखीची आहे.

त्याच असिमोव्ह यांची १९४५ सालची 'ब्लाइंड अ‍ॅली' ही कथा मात्र वेगळी आहे. साम्राज्यात एकच बुद्धिमान मानवेतर जमात सापडते. तिला तिच्या मरणपंथाला लागलेल्या ग्रहावरून उचलून एका चांगल्या ग्रहावर ठेवले जाते. अन्न आहे, निवारा आहे, संरक्षण आहे, अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आहेत. पण जमातीत मुले जन्मणे थांबते. सगळीकडे माणसेच पसरलेली असताना आपल्याला पुढे जायला जागा नाही, हे त्यांना कळून चुकलेले असते. अँटिओक नावाचा एक साधा सरकारी अधिकारी कचेरीतल्या पत्रव्यवहाराचे डावपेच असे काही लढवतो की जहाजे त्यांच्या हाती लागतात आणि ते आकाशगंगेबाहेर निघून जातात. फायलींचा इतका सुंदर उपयोग आम्ही दुसऱ्या कुठल्या कथेत पाहिलेला नाही. तरीही शेवट बोचतो. सज्जन अधिकाऱ्यालाही त्यांच्यासाठी साम्राज्यात जागा करता आली नाही; त्याने फक्त बाहेरचे दार किलकिले केले. 'तुम्ही दुसरीकडे जा' हे प्रेमाने सांगितले तरी त्याचा अर्थ तोच राहतो.

आता 'स्टार वॉर्स'कडे वळू. जॉर्ज लुकास यांनी रंगवलेले साम्राज्य ओळखायला सोपे आहे. शिपायांचे नाव जर्मन 'स्टॉर्मट्रूपर'वरून घेतलेले आहे, अधिकाऱ्यांचे गणवेश नाझी लष्कराची आठवण देणारे आहेत. १९७७ च्या चित्रपटात साम्राज्याच्या बैठकीत बसलेले सगळे अधिकारी माणसे आहेत. पुरुष आहेत, गोरे आहेत. मानवेतर जीव दिसतात ते वाळवंटी ग्रहावरच्या बदनाम गुत्त्यात, भंगाराच्या व्यापारात, गुंडांच्या टोळीत. पुढे या विश्वावर खेळांच्या पुस्तिका निघाल्या, कादंबऱ्या निघाल्या, आणि पडद्यावर नुसते दिसणारे हे चित्र त्यांत सिद्धान्त म्हणून मांडले गेले. सम्राट पॅल्पाटाईनच्या राजवटीत मानवी संस्कृती श्रेष्ठ, बाकीच्या जमाती दुय्यम, हे धोरण ठरले. च्यूबाकाची वूकी जमात तर गुलामीत ढकलली गेली. दरबारात मास अमेडासारखा एखादा शिंगवाला मानवेतर वजीर सम्राटाच्या शेजारी उभा दिसतो. राज्य भेदभाव करत नाही, याचा पुरावा म्हणून असा एखादा वजीर प्रत्येक दरबाराला लागतोच.

इथवर सगळे सरळ आहे. खलनायक पूर्वग्रहदूषित आहे. त्याचा पराभव होतो. वाचक खूश होतो. पण आमच्या भाचीचा प्रश्न साम्राज्याविषयी नव्हता, बंडखोरांविषयी होता. पदक नाकारले ते चांगल्या माणसांनी. त्या पहिल्या चित्रपटात बंडखोरांचे सारे वैमानिकही माणसेच आहेत. लेया च्यूबाकाला पहिल्याच भेटीत चालता गालिचा म्हणून हिणवते आणि प्रेक्षागृह हसते. अ‍ॅकबारसारखे मानवेतर सेनापती बंडखोरांच्या बाजूला दिसतात ते १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये. त्याच चित्रपटातले इवॉक हे बुटके वनवासी साम्राज्याच्या फौजेला लाकडे-दगडांनी हरवतात. लुकास यांच्या मनात व्हिएतनाम होते, हे त्यांनी सांगितले आहे. हेतू उदात्त आहे. पण हे इवॉक आधी सोनेरी यंत्रमानवाला देव मानून पूजतात आणि नायकांना भाजून खायला निघतात. गोऱ्या प्रवाशाला कढईत घालणाऱ्या 'रानटी' माणसांची ती जुनीच चित्रे. १९९९ च्या 'द फँटम मेनेस'मधील जार जार बिंक्स आणि वाकड्या लांब नाकाचा, गुलाम बाळगणारा व्यापारी वाटो यांच्यावर अमेरिकेतल्या समीक्षकांनी वांशिक व्यंगचित्रे म्हणून टीका केली. निर्मात्यांनी ती नाकारली. आमचे म्हणणे एवढेच, की कथेतल्या साम्राज्याचा पूर्वग्रह आणि कथा सांगणाऱ्याचा पूर्वग्रह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला दाखवला म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही. बिचाऱ्या च्यूबाकाला पदक मिळाले ते २०१९ च्या चित्रपटात, बेचाळीस वर्षांनी.

या विश्वातले आम्हाला सर्वांत विचार करायला लावणारे पात्र आहे ग्रँड अ‍ॅडमिरल थ्रॉन. टिमथी झान यांनी ते 'एअर टू द एम्पायर' (१९९१), 'डार्क फोर्स रायझिंग' (१९९२) आणि 'द लास्ट कमांड' (१९९३) या तीन कादंबऱ्यांत उभे केले. थ्रॉन चिस जमातीचा आहे. निळी कातडी, लाल डोळे. मानवश्रेष्ठत्व मानणाऱ्या साम्राज्यात तो सर्वोच्च सेनापतिपदापर्यंत पोचतो, केवळ बुद्धीच्या बळावर. २०१७ च्या 'थ्रॉन' या कादंबरीत झान यांनी त्याची उमेदवारी रंगवली आहे. प्रबोधिनीतली हेटाळणी, मारहाण, वरिष्ठांच्या कपाळावरच्या आठ्या. त्याच्यासोबत असतो इलाय व्हॅन्टो हा माणूस. तो साम्राज्याच्या सीमेपलीकडच्या आडमुलखातला आहे, त्याच्या उच्चारांना लोक हसतात, आणि तिकडची व्यापारी बोली येते म्हणून त्याला दुभाष्याचे काम मिळते. थ्रॉनबरोबर राहिल्यामुळे त्याची स्वतःची बढती मात्र वर्षानुवर्षे अडून राहते. उपऱ्याच्या शेजारी बसणाऱ्यालाही किंमत मोजावी लागते, हे झान यांनी नेमके टिपले आहे. घरात एक बोली आणि शाळेत दुसरी भाषा बोलत मोठ्या झालेल्या आमच्या वाचकांना व्हॅन्टोची ओळख करून देण्याची गरज नाही.

थ्रॉनला मिळणारी दाद कशी असते? 'हा त्यांच्यातला असूनही किती वेगळा!' आम्हा मराठी मुसलमानांच्या कानांना हे वाक्य नवे नाही. व्याख्यान संपले की कोणीतरी आपुलकीने जवळ येते आणि म्हणते, "तुम्ही मुसलमान वाटतच नाही हो! किती शुद्ध मराठी बोलता!" बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून आपण हसून घेतो. पण त्या कौतुकाच्या पोटात एक निकाल दडलेला असतो. बाकीचे कसे असतात, हे त्याने आधीच ठरवलेले असते; आपण त्या नियमाला अपवाद. आणि अपवादाने नियम मोडत नाही, उलट पक्का होतो. थ्रॉन सेनापती झाला म्हणून साम्राज्यातल्या एकाही वूकीची बेडी सुटली नाही.

थ्रॉनची गोष्ट इथेच थांबत नाही. तो शत्रूची कला अभ्यासतो. चित्रे, शिल्पे, नक्षी यांवरून तो त्या जमातीचे मन ओळखतो, तिचे आंधळे ठिकाण शोधतो आणि तिथे घाव घालतो. एका जमातीची कला त्याला उमगली नाही, तेव्हा त्याने तिचा ग्रहच उद्ध्वस्त केला, असे तो शांतपणे सांगतो. एडवर्ड सईद या पॅलेस्टिनी विचारवंताने 'ओरिएंटॅलिझम' (१९७८) या ग्रंथात दाखवले की, पूर्वेकडच्या लोकांविषयी जमवलेले ज्ञान आणि त्यांच्यावर चालवलेली सत्ता हातात हात घालून चालतात. थ्रॉन या विधानाचे चालतेबोलते उदाहरण आहे. विशेष हे, की हे काम इथे एक उपराच करतो. ज्याला लोकांनी कातडीवरून ओळखले, तोच इतरांना त्यांच्या चित्रांवरून 'ओळखतो'. वाचक त्याच्या चातुर्यावर फिदा होतो. आम्हीही झालो होतो. पुस्तक मिटल्यावर मात्र लक्षात येते की कलेची एवढी कदर करणाऱ्याने एकाही कलावंताला वाचवल्याचे आम्हाला आठवत नाही.

याच कादंबऱ्यांत नोग्री नावाची जमात आहे. आमच्या मते झान यांची ही सर्वांत मोठी कामगिरी. नोग्रींच्या होनोघर ग्रहाजवळ अवकाशयुद्ध होते, कोसळलेल्या जहाजातल्या विषाने जमीन करपते. मग डार्थ वेडर येतो, मदत देतो, जमीन शुद्ध करणारी यंत्रे पाठवतो. कृतज्ञ नोग्री शब्द देतात आणि त्यांचे तरुण साम्राज्याचे मारेकरी होतात. वर्षे लोटतात, जमीन काही सुधारत नाही, कर्ज काही फिटत नाही. पुढे लेयाला कळते की ती यंत्रे जमीन सुधारत नव्हती, नापीक ठेवत होती. सर्वत्र माजलेले गवतदेखील दुसरे काही उगवू नये म्हणूनच पेरलेले होते. उपकार हाच फास होता. सावकाराच्या वहीत अंगठा उठवून पिढ्या गहाण पडलेल्या महाराष्ट्राला हे समजावून सांगायला नको. अखेरीस रुख नावाचा थ्रॉनचा नोग्री अंगरक्षकच त्याचा जीव घेतो. सगळ्या जमातींची मने वाचणाऱ्याला आपल्या पाठीशी उभ्या असलेल्याचे मन वाचता आले नाही. गुलामाचे मन वाचावे लागते, असे मालकाला कधी वाटतच नाही.

पण झान यांनाही एके ठिकाणी कचरता आलेले दिसते. सत्य कळल्यावर नोग्री काय करतात? ते लेयाच्या सेवेत रुजू होतात. ती वेडरची मुलगी आहे, हे त्यांनी वासावरून ओळखलेले असते. बापाशी असलेले इमान ते मुलीच्या पायी वाहतात. मालक बदलला, मालकीण चांगली मिळाली. पण नाते तेच राहिले. स्वतःच्या पायावर उभा राहिलेला, कोणाचाच अंगरक्षक नसलेला नोग्री कसा जगला असता? ही कथा लिहायची राहून गेली. परक्यांविषयी सहानुभूतीने लिहिणाऱ्या पुष्कळ लेखकांचे असे होते. परक्याने चांगल्या माणसाशी निष्ठावान राहावे, याच्या पुढे त्यांची कल्पना जात नाही.

वाळवंटातल्या टस्कन जमातीकडे पाहिले तर हेच वेगळ्या रीतीने दिसते. पहिल्या चित्रपटातल्या वाळवंटाचे चित्रण १९७६ मध्ये ट्युनिशियात झाले. टॅटूईन हे ग्रहाचे नावदेखील तिथल्या एका गावावरून घेतले. भूमी अरबांची, पण तिच्यावरचे रहिवासी म्हणजे चेहरे झाकलेले, काठ्या उगारून किंचाळणारे 'वाळूतले लोक'. २००२ च्या 'अटॅक ऑफ द क्लोन्स'मध्ये त्यांनी नायक अ‍ॅनाकिनच्या आईला पळवून नेलेले असते. तो त्यांची अख्खी वस्ती, बायका-मुलांसह, कापून काढतो. नंतर तो पॅडमेपाशी रडतो, ती त्याची समजूत घालते आणि चित्रपटाच्या शेवटी दोघांचा निकाह, म्हणजे विवाह, लागतो. त्या मुलांची नावे कोणी विचारत नाही. हा सूड पुढच्या अधःपाताची नांदी आहे, हे मान्य. तरी दिग्दर्शकाचा कॅमेरा कोणाच्या दुःखापाशी थांबतो, हे पाहिलेच पाहिजे. पुढच्या काळात सुधारणा झाली. 'द मँडलोरियन' (२०१९) या मालिकेत टस्कनांची खुणांची भाषा आली. ती ट्रॉय कोत्सुर या कर्णबधिर अभिनेत्याने घडवली. २०२१ च्या अखेरीस आलेल्या 'द बुक ऑफ बोबा फेट'मध्ये त्यांची वस्ती, त्यांचे रीतिरिवाज, आपल्या जमिनीवरचा त्यांचा हक्क दाखवला गेला. मन सुखावते, आणि तेवढ्यात ती सारी टोळी मारली जाते. नायकाच्या मनाला वळण लागावे म्हणून परक्यांनी मरायचे, हा जुना नियम इथेही सुटलेला नाही.

'अँडोर' (२०२२) ही मालिका या सगळ्यांत प्रौढ म्हणावी अशी. तिच्यात साम्राज्याचा एक वैद्य कैद्याला छळण्यासाठी एक ध्वनिमुद्रण ऐकवतो. साम्राज्याने संपवलेल्या एका मानवेतर जमातीचा, त्यातल्या मुलांचा, मरतानाचा तो आक्रोश आहे. तो ऐकणारा वेडापिसा होतो. प्रेक्षकाला मात्र तो आवाज ऐकवलेला नाही. आम्ही या प्रसंगाचा बराच विचार केला. संयम म्हणून तो श्रेष्ठ आहे. पण त्यातून एक कडू सत्यही बाहेर येते. एका जमातीचा संहार झाला, आणि आपल्यापर्यंत तो पोचला तो एका माणसाच्या चेहऱ्यावरच्या वेदनेतून. त्या जमातीतले कोणी आपण पाहिले नाही, त्यांचे रडणेदेखील आपल्या कानी आले नाही. बातम्यांत काही मृतांची नावे, फोटो आणि आईची मुलाखत येते. काहींचा फक्त आकडा येतो. याहून अधिक बोलायला नको.

येथे एका धोक्याची सूचना द्यायला हवी. परग्रहवासी हे जगातल्या पीडितांचे रूपक आहे, असे म्हणताना आपण नकळत काय मान्य करतो? कथेत वूकी आणि माणूस यांच्यातला फरक खरा आहे. शरीर वेगळे, आयुष्यमान वेगळे. जगात ब्राह्मण आणि महार, गोरा आणि काळा, हिंदू आणि मुसलमान यांच्यात असा फरक मुळीच नाही. वंशद्वेष्ट्याचे पहिले असत्य हेच असते की 'ते' वेगळ्या जातीचे प्राणी आहेत. सहृदय विज्ञानकथा म्हणते, ते वेगळे प्राणी असले तरी त्यांना प्रेमाने वागवा. हे ऐकायला बरे वाटते. पण वेगळेपणाचा मुद्दा तिने आधीच सोडून दिलेला असतो. म्हणून आमच्या वाचकांनी च्यूबाकात स्वतःला शोधताना बेताने शोधावे. आम्हाला दयाळू वागणूक नको आहे, बरोबरी हवी आहे. आणि बरोबरीसाठी आम्ही कोणी अद्‌भुत जीव असण्याची गरज नाही. आम्ही शेजारच्या गल्लीत राहणारी, त्याच रेशनच्या रांगेत उभी असणारी माणसे आहोत.

मग या प्रकारात काही आदर्श आहे का? आमच्या मते उर्सुला ली ग्विन यांची 'द वर्ल्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट' (१९७२) ही लघुकादंबरी... नाव नीट लिहायचे तर 'द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट'. जिभेची ही चूक होण्यासारखीच आहे, कारण ज्या लोकांची ही गोष्ट आहे त्यांच्या भाषेत जग आणि अरण्य यांना शब्दच एक आहे. पृथ्वीवरची माणसे त्या ग्रहावर लाकूडतोडीसाठी येतात, मीटरभर उंचीच्या हिरव्या केसाळ रहिवाशांना वेठीला धरतात आणि कागदोपत्री त्याला 'स्वेच्छेचे श्रम' म्हणतात. व्हिएतनामचे युद्ध चालू असताना हे लिहिले गेले. यातले वेगळेपण असे की कथा काही प्रकरणांत कॅप्टन डेव्हिडसन या क्रूर माणसाच्या, काहींत ल्यूबोव्ह या सहृदय अभ्यासकाच्या, तर काहींत सेल्व्हर या तिथल्याच रहिवाशाच्या नजरेतून सांगितली आहे. सेल्व्हर बंड उभारतो, जिंकतो. पण माणसाला ठार मारणे ही गोष्ट त्याच्या लोकांत पूर्वी नव्हती, ती आता कायमची शिरली, हे दुःख त्याच्या वाट्याला येते. आणि ल्यूबोव्ह, त्याचा मित्र, त्या उठावातच मरतो. कोणाचाही अंगरक्षक न झालेला, पदकाची वाट न पाहणारा आणि तरीही देवदूत नसलेला परका आम्हाला इथे भेटला. ली ग्विन यांनी त्याच्यावर दया दाखवलेली नाही, त्याला जबाबदार धरले आहे. बरोबरीची वागणूक म्हणतात ती हीच.

लेख संपवण्यापूर्वी त्या बदनाम गुत्त्यात एकदा परत जायला हवे. तिथे नाना जमातींचे मानवेतर जीव दाटीवाटीने बसले आहेत. ल्यूक आत शिरतो तेव्हा गुत्तेवाला त्याच्या यंत्रमानवांकडे बोट दाखवून सांगतो की असल्यांना इथे प्रवेश नाही. ल्यूक निमूटपणे त्यांना बाहेर थांबायला सांगतो. आणि साम्राज्याने ज्यांना खालच्या पायरीवर बसवले, त्या साऱ्या गिऱ्हाइकांपैकी एकही मान वर करत नाही. कोणाला त्यात वावगे वाटतच नाही. आपापला पेला समोर आहे, बसायला जागा मिळाली आहे, दारातून दुसराच कोणी परत जातो आहे.

हे दृश्य पाहताना आम्हाला साम्राज्य आठवत नाही, आमचा मोहल्ला आठवतो. खोली भाड्याने देताना नाव ऐकून दार लावून घेणाऱ्यांविषयी आम्ही तळमळीने बोलतो आणि बोलायलाच हवे. पण आमच्याच घरात सोयरीक ठरवताना बिरादरी विचारली जाते तेव्हा? अमुक कसबवाल्यांची मुलगी आमच्या घराण्यात नको, असे बोलणारी खाला आमच्यापैकी कोणाच्या घरी नाही? झाडूवाल्या बाईचा पेला वेगळा ठेवणारी घरे फक्त इतरांचीच आहेत का? साम्राज्याचा पूर्वग्रह ओळखणे सोपे असते, कारण तो काळा झगा घालून येतो. गुत्त्याच्या दारातला पूर्वग्रह रोजचा असतो, आपल्या ओळखीचा असतो, आणि तो पाळताना आपण स्वतः पीडित असल्याचे समाधानही शाबूत राहते.

त्या ईदला भाचीला आम्ही उत्तर दिले नव्हते. पुढे एकदा ती आली तेव्हा सांगितले, "बेटा, ज्यांनी पदके वाटली त्यांना तो दिसलाच नाही." ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "एवढा उंच असून?"